भिंतीचा रंग मोबाइलवर ठरवू नका: उबदार-थंड रंगांच्या नेहमीच्या चुका

बडोद्यात घरं रंगवून द्यायची कामं घेते. दिवाळी जवळ आली की तेच ते घोळ निस्तरायचे. त्यातला सगळ्यात महागडा घोळ राखाडीचा.

दांडिया बाजारातल्या एका काकूंकडे जुनं सागवानी फर्निचर, त्यावर केशरट पॉलिश, खाली तांबूस फरशी. मुलाने पुण्याहून फोटो पाठवला, "आई, हाच ग्रे लाव." शेड कार्डावर तो अगदी निरुपद्रवी दिसत होता. मी म्हटलं, आधी पट्टा मारून बघू. पेंटरला पुढचं काम गाठायचं होतं. "थई जशे, बेन" (होऊन जाईल, ताई) म्हणाला, आणि मी दुसऱ्या साइटवर असताना दोन हात मारून मोकळा झाला. संध्याकाळी काकूंचा फोन, "अगं, भिंत निळी दिसतेय! डबा बदलला का गं?"

डबा बरोबरच होता. केशरीशेजारी राखाडी आला की डोळ्याला तो निळसर दिसतो. पॅरिसच्या गोबलँ या विणलेले चित्र-पडदे करणाऱ्या कारखान्यात रंगाईचं खातं सांभाळणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने हे १८३९ मध्येच मांडलंय. तिथे काळी लोकर फिकी दिसते अशी तक्रार होती, आणि दोष निघाला शेजारच्या रंगांचा. काकूंच्या शेडमध्ये मुळातच निळ्याची झाक होती, फर्निचरने ती चव्हाट्यावर आणली. शेवटी पिवळट-तपकिरी झाकेचा मातकट राखाडी बसला. पण पुन्हा दोन हात, पुन्हा मजुरी, आणि काकूंचं सामान आणखी चार दिवस गॅलरीत.

म्हणून दोन बाय दोन फुटांचा पट्टा, दोन हात, तोही फर्निचरला लागून असलेल्या भिंतीवर. पूर्ण सुकू द्यायचा. मग सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघायचा. एवढंही थांबवत नसेल त्याने माझ्याकडे येऊ नये, खरंच.

दुसरी चूक दिव्यांची. साडी घेताना याच बायका दुकानातल्या झगमगाटावर विश्वास न ठेवता ती दारात नेऊन उजेडात बघतात. भिंतीचा रंग मात्र रात्री पलंगावर लोळत, फोनच्या पडद्यावर! बल्बच्या खोक्यावर ३००० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलं असेल तर उजेड पिवळसर, ६५०० के असेल तर निळसर पांढरा. आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त उबदार, म्हणजे पिवळसर, असं समजून उलटेच बल्ब आणणारे मी पुष्कळ पाहिलेत. वीटकरी भिंतीवर ६५०० चा उजेड पडला की ती मेलेली दिसते. आधी बल्ब ठरवा, मग रंग.

लाल म्हणजे उबदार आणि हिरवा म्हणजे थंड, एवढ्यावर भागत नाही. शेंदरी उबदार, राणी निळ्याकडे झुकलेला. पोपटीत पिवळा असतो, मोरपंखीत निळा. झाक ओळखायची तर शेड पांढऱ्या कागदावर ठेवून शेजारी त्याच रंगाची दुसरी शेड धरा, लगेच कळतं. कपड्यांचंही तेच: शेंदरी ब्लाउजवर राणी काठ भांडतात ते यामुळेच.

उबदार-थंड निम्मे-निम्मे करू नका. एकाला घर द्या, दुसऱ्याला उशा आणि पडदे.

पांढरा "सेफ" नाही. दरवाजा निळसर पांढरा आणि भिंत पिवळट पांढरी असेल तर भिंत कळकट वाटते.

उत्तरेच्या खोलीत थेट ऊन फारसं येत नाही, उजेड निळसर असतो. तिथे थंड रंग लावायचाच असेल तर निदान फर्निचर लाकडी ठेवा.

आणि हो, मे महिन्यात दर दोन दिवसांनी विचारतात, पश्चिमेची खोली आतून निळी केली तर गार होईल का? नाही होणार. गच्चीवर पांढरा मारा, तो ऊन परतवतो. आतला निळा डोळ्यांपुरता.