पिकअपचा खडखडाट : आधी हब फ्री करून बघा

जुन्या फोर बाय फोर पिकअपला वळताना 'कट-कट' आवाज येतो आणि गॅरेजवाला थेट स्टिअरिंग बॉक्स बदलायला सांगतो. थांबा. आधी हे करा.

१. फोर बाय फोरचा लिव्हर टू-एचमध्ये (फक्त मागची चाकं गाडी ओढतात) टाका. नागपूरच्या कोरड्या सिमेंट रस्त्यावर फोर-एचमध्ये (चारही चाकं ओढतात) वळलं की गाडी अडते, झटके देते. तो बिघाड नव्हे, पण तसंच चालवत राहिलात तर गिअर आणि क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला चार टोकांचा तुकडा) झिजतात.

२. पुढच्या चाकांच्या मधोमध असलेले दोन्ही हब हाताने 'फ्री' करून (म्हणजे चाकं पुढच्या एक्सलपासून सुटतात) त्याच वळणावर जा. आवाज गेला तर दोष पुढच्या एक्सलच्या जॉइंटमध्ये किंवा पुढच्या प्रोपेलर शाफ्टमध्ये (एक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) आहे. राहिला तर स्टिअरिंगचे सांधे आणि व्हील बेअरिंग बघा.

३. चाकं जमिनीवर, इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टिअरिंग चार-पाच इंच डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्याने बाजूने हात घालून एकेक टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकाचा सांधा) धरावा. ढिला सांधा कानाआधी बोटांना कळतो.

४. गिअर टाकताना 'ठक्क' होत असेल तर इंजिन बंद करून प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळा. क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली की ग्रीस संपलंय, तो क्रॉस बदलाच. बाकीच्यांत चारही टोप्यांतून जुनं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत ग्रीस गन मारा.

शाफ्ट तपासताना चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे हवेतच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका.