६० वॅटची सीओटू लेझर मशीन: पहिली शीट ठेवण्याआधी

साइनबोर्डच्या दुकानात लेझर मशीन आली की आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच, "यावर सनबोर्ड कापून मिळेल का?" नाही. बाजारात सनबोर्ड म्हणून मिळते ती शीट बहुतेक वेळा पीव्हीसी फोमची असते. लेझरखाली पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. हवेतल्या ओलाव्यात मिसळून त्याचं आम्ल होतं. फुप्फुसांना तो घातक आहेच, शिवाय थोड्याच दिवसांत मशीनच्या रेलवर, बेअरिंगवर गंज चढलेला दिसतो. फ्लेक्स, व्हिनाइल स्टिकर आणि बरंचसं रेक्झिन याच जातीचं.

नवशिक्याला किरणाची भीती वाटते, आणि ती योग्यच आहे. पण रोजच्या कामात घात होतो तो चुकीच्या शीटने, कमी वाऱ्याने आणि गरम पाण्याने. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

शीट ओळखा

शंका असेल तर तांब्याच्या तारेची चाचणी करा. उघड्यावर, पकडीत धरलेली तार गॅसच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा. शीटच्या कोपऱ्याला टेकवून तिच्यावर थोडं प्लॅस्टिक घ्या आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, ती शीट मशीनवर चढवायची नाही. चाचणीला नखाएवढा अंशही पुरतो, आणि धुरात तोंड घालू नका.

पॉलिकार्बोनेट दिसायला अॅक्रिलिकसारखं, पण लेझरखाली पिवळं-काळं पडतं आणि पेट घेतं. एबीएस नावाचं प्लॅस्टिक वितळून बेडला (शीट ठेवायच्या जाळीला) चिकटतं, त्याच्या धुरात सायनाइडचा अंश असतो. थर्माकोल क्षणात पेटतो. महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीनंतर गणपतीची मखरं एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली शीट) आणि पुठ्ठ्याकडे वळली, ते लेझरवाल्यांच्या पथ्यावरच पडलं.

शिकायला ३ मिमी कास्ट (साच्यात ओतलेलं) अॅक्रिलिक आणि ३ मिमी एमडीएफ घ्या. एक्स्ट्रुडेड (दाबून काढलेलं) अॅक्रिलिक स्वस्त आणि कापायलाही सोपं, पण कोरीवकाम पांढरं उमटत नाही. नेमप्लेटला कास्टच घ्यावं. आरशाचं अॅक्रिलिक चकचकीत बाजू खाली ठेवून, मागच्या रंगाच्या बाजूने कापा. वरची पॉलिथिनची फिल्म काढून टाका, ती वितळून कडेला चिकटते. कागदाचं मास्किंग असेल तर ते राहू द्या, धुराचे डाग त्यावरच पडतात.

पाणी

लेझरचा किरण काचेच्या ट्यूबमध्ये तयार होतो, आणि तिचं आयुष्य तिला थंड ठेवणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच भरा. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचा थर बसतो, आणि असं पाणी वीज वाहून नेतं. तापमान २० ते २५ अंश ठेवा. २८ च्या वर गेलं की किरण मंदावतो, ३० ला काम थांबवा. पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राला चिलर म्हणतात. त्यातल्या सीडब्ल्यू-३००० मॉडेलमध्ये कॉम्प्रेसर नसतो, त्यामुळे पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याचा उपयोग नाही. तिथे कॉम्प्रेसरवाला सीडब्ल्यू-५००० किंवा ५२०० लागतोच.

कोकणातल्या पावसाळ्यात उलटं होतं. खोली ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्याहून थंड वस्तूवर पाणी धरतं ते तापमान, २६ अंशांच्या आसपास येतो. चिलर २० वर लावला की ट्यूबवर घाम सुटतो, आणि विजेच्या टोकाशी, जिथे वीस हजार व्होल्टहून जास्त दाब असतो, ठिणगी उडते. अशा दिवशी चिलर २७ वर ठेवा, नाहीतर खोलीत एसी लावून हवा कोरडी करा. मागचं झाकण उघडायचं नाही. मेन बंद केल्यावरही पॉवर सप्लायमध्ये भार साठलेला राहतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, नुसती तीन पिनांची सॉकेट पाहून समाधान मानू नका.

धूर आणि डोळे

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन इथे पुरत नाही. ब्लोअर हवा, पाइप आखूड हवा, वळणं कमीत कमी हवीत, आणि त्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको. ब्लोअर चालू असताना, मशीन रिकामी असताना झाकणाच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर तरंगत राहिला तर पाइपात काजळी अडकली आहे. एमडीएफच्या डिंकात फॉर्माल्डिहाइड असतं, त्यामुळे कट संपल्यावरही अर्धा मिनिट झाकण बंदच राहू द्या.

कापणाऱ्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे १०६०० नॅनोमीटर, तो डोळ्यांना दिसत नाही. हेडजवळचा (शीटवर फिरणाऱ्या, लेन्स बसवलेल्या भागाजवळचा) लाल ठिपका फक्त जागा दाखवतो, तो पाहून किरण चालू की बंद हे ठरवू नका. झाकणाचं अॅक्रिलिक हा किरण अडवतं, म्हणून झाकण बंद असेल तर किरणापासून डोळे सुरक्षित. निळ्या डायोड मशीनचा चष्मा इथे चालत नाही, चष्म्यावर १०६०० नॅनोमीटर लिहिलेलं असायला हवं. किरण ट्यूबपासून हेडपर्यंत नेणाऱ्या आरशांची जुळणी झाकण उघडून करावी लागते. ती पहिल्या महिन्यात जाणकाराकडूनच करून घ्या.

लेझरची किल्ली बंद ठेवून दोन गोष्टी तपासा: चिलर बंद केला की पॅनेलवर पाण्याची चूक दिसते का, आणि झाकण उघडलं की जॉब थांबतो का. कुणी दोन तारा जोडून ही सोय निकामी केलेली आढळली, तर दुरुस्त होईपर्यंत मशीन चालवू नका.

पहिला जॉब

क्रम असा: मेन, चिलर, ट्यूबमध्ये बुडबुडा अडकलेला नाही ना ते बघणं, ब्लोअर, एअर असिस्टचा (कापताना शीटवर वारा सोडणारा) कॉम्प्रेसर, आणि सगळ्यात शेवटी लेझरची किल्ली. मशीनसोबत आलेल्या गेजने (मापाच्या ठोकळ्याने) नोझल, म्हणजे हेडचं खालचं टोक, आणि शीटमधलं अंतर जुळवा. शीट वाकलेली असेल तर कडांवर वजन ठेवा, नाहीतर मध्यभागी कट आरपार जाणार नाही. मग जॉबच्या कडेने हेड नुसतं फिरवणारं फ्रेमचं बटण दाबून ते वजनावर आपटत नाही ना ते पाहा.

आकडे कुणाचे तरी उचलू नका. ६० टक्के पॉवर कायम ठेवून १० मिमीचे चौकोन सेकंदाला ८, १०, १२, १५, १८, २० मिमी वेगाने कापा. सगळ्यात जास्त वेगाला जो चौकोन आपोआप खाली पडला, त्याहून १०-१५ टक्के कमी वेग तुमचा. साधारण अॅक्रिलिकला १५ आणि एमडीएफला १२ च्या आसपास यायला हवं. त्याहून फारच कमी आलं, तर आधी लेन्स पाहा. पॉवर वाढवत सुटू नका: साठ वॅटच्या साध्या ट्यूबला १८ ते २० मिलिअँपिअर पुष्कळ, त्यापुढे कट फारसा सुधारत नाही आणि ट्यूब लवकर संपते.

एमडीएफला एअर असिस्टचा वारा जोरात हवा. अॅक्रिलिकला मंद, म्हणजे कडा काचेसारखी चकचकीत येते. पण पूर्ण बंद कधीच नाही, कारण वारा नसला की ज्योत वर येते आणि लेन्स काळवंडते.

जॉब चालू असताना समोरून उठायचं नाही. चहासाठीसुद्धा नाही. फोन आला तर पॉज करा. आग लागते ती बहुतेक वेळा बेडखालच्या ट्रेमधल्या तुकड्यांना, म्हणून ट्रे रोज रिकामा करा. ज्योत दिसली तर आधी इमर्जन्सी बटण आणि मेन. लहान असेल तर ओल्या सुती कापडाने दाबा. नाही विझली तर सीओटूचा फायर एक्स्टिंग्विशर. पावडरचाही चालतो, फक्त मग आरसे, लेन्स, रेल सगळं उघडून साफ करायला लागेल. आटोक्याबाहेर गेली तर खोलीबाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.

एमडीएफचं काम असेल तर लेन्स रोज काढून बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस हलक्या हाताने फिरवा, घासू नका. बसवताना फुगीर बाजू वर. लेन्स झिंक सेलेनाइडची असते; तडकली तर तुकडे हातमोजे घालून उचला, त्यांची भुकटी विषारी असते.

लाइट गेली की किरण आणि पाणी दोन्ही थांबतात, पण ब्लोअरही थांबतो आणि एमडीएफ आत धुमसत राहू शकतं. काचेतून पाहत उभे राहा आणि लेझरची किल्ली लगेच बंद करा. लाइट आल्यावर आधी चिलर आणि ब्लोअर, पाणी फिरतंय याची खात्री, मगच किल्ली.