सायकलची डोंगरवाट मोकळी ठेवायची आहे? या चुका टाळा

दरवर्षी दसऱ्याच्या आसपास मला तेच फोन येतात. "दादा, वाट पार बुजलीय, रविवारी कोयते घेऊन येतो." मुलं येतात, दोन-तीन तास घाम गाळतात, शंभर मीटर रान छाटून परत जातात. मेहनत खरी असते, त्याबद्दल मला आदर आहे. पण पुढच्या पावसाळ्यात वाट पहिल्यापेक्षा वाईट झालेली असते, कारण तीच चार कामं सगळे चुकीची करतात.

मी बोलतोय ती वाट मुळशीच्या बाजूची. गावापासून वरच्या पठारापर्यंत साधारण तीन किलोमीटर, मूळची गुरांची वाट. आठवड्याला पाच-सहा सायकली जातात, कधी एकही नाही. गर्दीच्या वाटेवर चाकंच गवत दाबून ठेवतात. कमी वापराच्या वाटेवर मात्र केलेली चूक वर्षभर तशीच राहते आणि पाऊस ती वाढवत नेतो.

पाणी सोडून झुडपांच्या मागे लागणं

ही सगळ्यात मोठी चूक. झुडूप डोळ्यांना दिसतं, अंगाला ओरखडे काढतं, म्हणून राग त्याच्यावर निघतो. पण वाट झुडपामुळे मरत नाही. ती बुजते, आणि बुजलेली वाट एका दिवसात उघडता येते. वाट मरते पाण्याने. पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, ताम्हिणीकडे त्याच्या कित्येक पट. परदेशातले व्हिडिओ बघून इथे काम करणाऱ्यांना हे सांगून पटत नाही, इथला जुलै एकदा बघितला की पटतं.

डोंगराच्या अंगावरून आडवी जाणारी वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली हवी. दोन फूट रुंदीच्या वाटेला इंचभर उतार पुरतो. वरून आलेलं पाणी वाट ओलांडून सरळ खाली निघून गेलं पाहिजे, वाटेवरून चालत जाता कामा नये. चाकांनी मधली माती दबते, सुटी माती कडेला सरकते, तिच्यात गवत रुजतं, आणि दोन-तीन वर्षांत दरीच्या कडेला वीतभर वरंबा तयार होतो. मग वाटेचा पाट होतो. शेतातल्या पाटात पाणी जसं धावतं, तसंच ते इथेही धावतं.

नव्या माणसांना हा वरंबा आवडतो, कारण दरीच्या बाजूला आधार असल्यासारखं वाटतं. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका उत्साही गटाने त्यावर कडीच केली. ओढ्याच्या वरच्या वळणावर लोक घाबरतात म्हणून त्यांनी चाळीस मीटरभर बाहेरच्या कडेला दगड रचले आणि फटींत मुरूम ठोकून बसवला. काम इतकं नेटकं होतं की बघणाऱ्याने शाबासकीच दिली असती. मी तेव्हा बाहेरगावी होतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलो तेव्हा पाऊस लागून होता, आणि त्या वळणावर वाट नव्हतीच. वरून उतरणारं सगळं पाणी दगडांना अडून वाटेवरून धावलं होतं आणि दगड जिथे संपत होते तिथे एकदम फुटलं होतं. पोटरीभर खोल घळ, तळाला उघडा कातळ. दगड मात्र जागच्या जागी.

खाली उतरलो तर खालच्या खाचरातले काका बांधावर उभे. चार दिवसांपूर्वी लावणी झाली होती आणि खाचराचा एक कोपरा आमच्या मुरुमाखाली गेला होता. "वाट तुमची, माती माझ्या भातात," एवढंच बोलले. आम्ही पाच जणांनी दोन दिवस घमेल्यांनी तो मुरूम उपसला, काकांनी उरलेली रोपं पुन्हा लावली. त्या वळणाला पूर्ववत व्हायला दोन मोसम लागले. तेव्हापासून वाटेवर दगड रचायचा विषय कुणी काढला तर मी आधी त्याला त्या खाचराच्या बांधावर नेतो.

माझी सवय सांगतो. जुलैत, भर पावसात, सायकल घरी ठेवून फक्त फावडं घेऊन वाट खालून वर चालायची. पाणी कुठून वाटेवर चढतं आणि कुठे उतरतं, हे तेव्हाच दिसतं. ऑक्टोबरमध्ये सगळा अंदाज असतो. जिथे पाणी दहा-बारा पावलं वाटेवरूनच चालतंय, तिथे वरंबा दोन-तीन फूट रुंद फोडायचा, शेताच्या बांधाला सांडवा ठेवतो तसा, आणि निघालेली माती वाटेवर पसरून दाबायची. कडेला टाकली तर पुढच्या वर्षी तिचाच वरंबा होतो. गणपतीनंतर दुसरी फेरी, कारण सांडवे पालापाचोळ्याने बुजलेले असतात. कोयता त्यानंतर. उतार बरोबर आहे का हे बघायला पाण्याची भरलेली बाटली वाटेवर आडवी ठेवतो. ती दरीकडे घरंगळली की काम झालं.

आडवे ओंडके

वाटेवर काटकोनात ओंडका पुरून पाणी अडवणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. वरच्या अंगाला महिनाभरात गाळ भरतो, पाणी वरून उडी मारतं आणि खाली खड्डा पडतो. शिवाय ओला ओंडका आणि सायकलचं पुढचं चाक यांची गाठ पडली की माणूस पडतोच. त्याऐवजी वाटेलाच थोडा उतार द्या आणि मग दोन-तीन पावलं हळूच चढवा. पाणी त्या खोलगट जागी बाहेर पडतं, आणि सायकलवाल्याला तिथे मजा येते.

कोयत्याने तिरपी छाटणी

कोयता तिरपा बसतो, त्यामुळे मागे राहणारा खुंट भाल्यासारखा टोकदार असतो. घाईत माणूस वाकत नाही, म्हणून तो खुंट नेमका घोट्याच्या उंचीवर राहतो. कारवीच्या काठ्या अशा छाटलेल्या असल्या तर तो अक्षरशः सापळा आहे. एका नोव्हेंबरात अशाच ताज्या छाटलेल्या पट्ट्यात आधी एकाच्या टायरची साइडवॉल फाटली. आम्ही ट्यूब घालत बसलो असताना मागून आलेला कॉलेजचा मुलगा घसरून कडेला पडला आणि खुंट त्याच्या पोटरीत घुसला. रुमालाने पोटरी आवळून, त्याला खांद्यावर घेत दीड किलोमीटर खाली आणलं. सहा टाके पडले. छाटणारी माणसं आमचीच होती.

तेव्हापासून मी घडीची करवत वापरतो. खुंट जमिनीलगत, आडवा, सपाट कापायचा आणि वर माती लोटायची. वेळ तिप्पट लागतो. ज्याला तेवढा धीर नाही त्याला मी फांद्या ओढायचं काम देतो. तेही काम आहेच. तोडलेल्या फांद्या दरीच्या बाजूला, बुंधा वाटेपासून लांब राहील अशा टाकायच्या, सांडव्याच्या तोंडावर कधीच नाही.

आणि सगळं रान एका मापाने कापू नका. घाणेरी वरून छाटली की दुप्पट फुटते. तिला कुदळीने जमिनीखाली, मुळाच्या गड्ड्याच्या खालून तोडून उलटी टाकून वाळवावी लागते. कारवीचं उलट आहे. ती तीव्र उतारावरची माती धरून ठेवते, म्हणून तिला मुळापासून कधी काढू नका, वाटेवर झुकलेलीच कापा. सात-आठ वर्षांनी ती एकदम फुलते, बी टाकते आणि सगळी एकदम वाळते. त्या वर्षी वाटेवर काठ्यांचा खच पडतो, त्याची तयारी ठेवा.

थोडक्यात

वाट रस्त्यासारखी रुंद करू नका. चाकांपुरती वाट दोन फूटच ठेवा, रान हँडल मोकळं जाईल एवढंच छाटा, चार फूट पुरे. जास्त उजेड म्हणजे जास्त गवत.

डबक्यात सुटी माती टाकू नका, तिचा चिखल होतो. आधी पाणी काढा. आणि डबकं चुकवून कडेने सायकल काढू नका, त्याने वाट दुप्पट रुंद होते.

ओल्या मातीत चाकाला चिखल चिकटून फ्रेममध्ये अडकायला लागला की माघारी फिरा. त्या दिवशी पाडलेली चाकोरी दिवाळीपर्यंत तशीच राहते.

गवत जाळून वाट मोकळी करायचा विचारही नको. वणवा तुमच्या वाटेपाशी थांबत नाही. राखीव वनात आग लावणं आणि झाडं तोडणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हाच आहे. काम सुरू करण्याआधी हद्द कुणाची ते विचारा, वनखात्याची असेल तर परवानगी घ्या, मालकीची असेल तर मालकाच्या घरी जाऊन बोला.

दगड उचलताना हात खाली घालण्याआधी काठीने उलटा, फुरसं दगडाखालीच असतं. हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगा लोंबत असतील तिथे वारा असताना काम करू नका.

पठारावर पोचलात की वाट सोडून सायकल नेऊ नका. पावसाळ्यात कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं फुलतात, एका चाकाने तो पट्टा जातो.

साफ करून विसरून जाणं

वाट मोकळी केली आणि दोन महिने कुणी फिरकलंच नाही, तर सगळी मेहनत वाया जाते. आमच्या गावात पूर्वी चाळीसेक गुरं याच वाटेने वर जायची, आता सात-आठ उरली आहेत, आणि वाट बुजायला लागली ती तेव्हापासून. म्हणून नोव्हेंबर ते मे दर पंधरवड्याला निदान एक फेरी मी करतोच, कुणी सोबत असो नसो. खिशात करवत असते, आडवी आलेली फांदी तिथल्या तिथे कापतो. गुराखी मामांना सांगून ठेवलंय की कोरड्या दिवसांत गुरं याच वाटेने न्या, पावसात मात्र वरच्या अंगाने. गेल्या मार्चमध्ये वळणावरचं आंब्याचं झाड पडल्याची खबर त्यांनीच दिली, त्याच संध्याकाळी.