सैनिक-शिक्षकाचा आणि त्याच्या सहजीवनाचा स्मृतिलेख कसा लिहावा

सैन्यातून निवृत्त होऊन पुढे गावच्या शाळेत शिक्षक झालेल्या वडिलांवर किंवा आजोबांवर वर्षश्राद्धानिमित्त लिहायला बसण्याआधी घरातले कागद गोळा करावेत. सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात भरतीची व निवृत्तीची तारीख, पलटण आणि हुद्दा मिळतो. ते सापडत नसल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. १९७१ च्या युद्धातील ‘पूर्वी स्टार’ (पूर्व आघाडीचे पदक) किंवा ‘पश्चिमी स्टार’ (पश्चिम आघाडीचे पदक) पेटीत असेल, तर ते कोणत्या आघाडीवर होते हे त्यावरूनच कळते. पदकावर कोरलेला क्रमांक आणि नाव भिंगातून पाहून उतरवून घ्यावे. मात्र पदक घासून चकचकीत करू नये, कारण त्याने अक्षरे झिजतात.

शाळेतल्या नेमणुका आणि बदल्या सेवापुस्तकात असतात. माजी विद्यार्थ्यांना ‘गुरुजी कसे होते?’ असे विचारले की ‘फार शिस्तीचे’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी गणित चुकल्यावर ते काय करत, फी थकलेल्या मुलाशी कसे बोलत, हे विचारावे.

खरा वेळ द्यावा तो आईला किंवा आजीला, कारण बहुतेक स्मृतिलेखांत तिच्या वाट्याला ‘खंबीर साथ दिली’ एवढे एकच वाक्य येते, आणि हा मोठा अन्याय आहे. वहीच्या डाव्या पानावर त्यांच्या नेमणुका लिहाव्यात आणि उजव्या पानावर त्याच काळातले घर: बाळंतपण, पेरणी, सासऱ्यांचे आजारपण. ‘५६ एपीओ’ (सैन्याचे टपाल कार्यालय) एवढ्याच पत्त्यावर पत्र टाकताना नवरा नेमका कुठे आहे हे तिला ठाऊक असे का, आलेले पत्र तिला कोण वाचून दाखवी, मनीऑर्डर लांबली तर दुकानदार उधारी देई का, हे तिला सावकाश विचारावे आणि उत्तरे तिच्याच बोलीत टिपावीत.

‘त्यांचे पत्नीवर नितांत प्रेम होते’ असे लिहिण्यापेक्षा, ‘आईला दिसेनासे झाल्यावर अण्णा रोज सकाळी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत, आणि निधनवार्ता मात्र गाळत’ असे घडलेले काही सापडते का ते पाहावे. पती-पत्नींची खासगी पत्रे छापायची असल्यास तिची परवानगी घ्यावी, संपूर्ण मजकूर तिला वाचून दाखवावा आणि ती नको म्हणेल ती ओळ विनातक्रार वगळावी.