कंपवातासह उतारवय : प्रत्येक अडचणीला ‘आजार वाढला’ म्हणण्याची चूक टाळा

पार्किन्सन्स, म्हणजेच कंपवात, हा हळूहळू वाढत जाणारा आजार आहे, हे एकदा डॉक्टरांकडून कळले की पुढची प्रत्येक तक्रार घरात त्याच्याच नावावर मांडली जाते. पाय अडखळले, आवाज बारीक झाला, दुपारी अंग जड पडले, की ‘आजार वाढला’ एवढे म्हणून सगळे गप्प होतात. प्रत्यक्षात यातील कित्येक तक्रारी गोळीची चुकलेली वेळ, बद्धकोष्ठता, दुसऱ्याच दुखण्यासाठी सुरू झालेले औषध किंवा घरच्यांची अतिकाळजी यांतून आलेल्या असतात आणि त्या बऱ्याच प्रमाणात दूर करता येतात.

गोळी ‘दिवसातून तीनदा’ एवढेच लक्षात ठेवणे

या आजारात मेंदूतील डोपामिन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. लेव्होडोपा हे औषध मेंदूत पोहोचल्यावर डोपामिनमध्ये बदलते आणि ती उणीव काही तास भरून निघते. सुरुवातीच्या वर्षांत उरलेल्या पेशी हे डोपामिन साठवून पुरवून वापरतात, त्यामुळे गोळीला तासभर उशीर झाला तरी फारसे जाणवत नाही. पुढे ही साठवण कमी झाली की प्रत्येक मात्रेचा परिणाम लवकर ओसरू लागतो आणि तोच उशीर सबंध दुपार खाऊन टाकतो. म्हणून ‘नाश्त्यानंतर केव्हातरी’ ही सवय सोडून घड्याळाची नेमकी वेळ ठरवावी.

जेवणाचाही यात मोठा वाटा असतो. प्रथिनांतील काही अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच वाटेने जातात, त्यामुळे प्रथिनयुक्त जेवणाबरोबर घेतलेली गोळी मागे पडते. गोळी सामान्यतः जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावी. लोहाची गोळीही तिच्यापासून अंतर ठेवून घ्यावी. मात्र हे कळल्यावर प्रथिनेच बंद करणे ही दुसरी चूक ठरते, कारण उतारवयात स्नायू आणि वजन घटणे या आजारात विशेष महागात पडते.

औषध एकाएकी बंद करणे तर धोकादायकच आहे. त्यातून तीव्र ताठरपणा, ताप आणि भ्रम उद्भवू शकतो. दुसऱ्या कारणासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद पहिल्याच दिवशी परिचारिकांच्या हाती द्यावा.

प्रत्येक हालचालीला ‘कंप’ म्हणणे

विश्रांतीत हात लयीत थरथरणे वेगळे आणि मान, खांदे किंवा धड नकळत वळवळत, डोलत राहणे वेगळे. दुसरा प्रकार, ज्याला डिस्कायनेशिया म्हणतात, बहुधा औषधाचा परिणाम शिगेला असताना दिसतो. कुटुंबीयांनी दोन्हींना ‘कंप वाढला’ असे सांगितले, तर जी मात्रा कमी करायला हवी, तीच वाढवली जाण्याची शक्यता असते. भेटीपूर्वी तीन दिवस गोळी, जेवण, परिणाम सुरू होणे, ओसरणे आणि अशा हालचाली यांच्या वेळा लिहून ठेवाव्यात. जमल्यास मोबाइलवर चित्रण करावे. डॉक्टरांसमोरच्या दहा मिनिटांत दिवसभराचे चढउतार दिसत नाहीत.

प्रकृती चार-आठ दिवसांतच ढासळली, तर मात्र मूळ आजारावर लगेच बोट ठेवू नये. तो इतक्या घाईने पुढे सरकत नाही. लघवीचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता किंवा नवे औषध यांचा शोध घ्यावा. मळमळीसाठीचे मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, चक्करेसाठीचे सिनारिझिन, मानसिक अस्वस्थतेसाठीचे हॅलोपेरिडॉल ही औषधे डोपामिनच्याच कामात अडथळा आणतात. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर कंपवाताचा उल्लेख आधी करावा.

अडलेल्या पायांना ओढणे

चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात तेव्हा हात धरून ओढल्यास धड पुढे येते, पाय मागेच राहतात आणि पडणे ठरलेले असते. थांबावे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यावे, मग जमिनीवरची रेघ ओलांडल्यासारखे पाऊल टाकावे किंवा मोजत चालावे. आपोआप होणारी चाल अडली, तरी हेतुपूर्वक टाकलेले पाऊल बहुधा पडते. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठा वळसा घ्यावा. चालता चालता बोलणे टाळावे. अंथरुणातून एकदम उठू नये, कारण उभे राहताच रक्तदाब उतरणे या आजारात वारंवार आढळते.

चेहऱ्यावरून मन वाचणे

चेहऱ्याचे स्नायू मंदावल्याने आनंद झाला तरी तो दिसत नाही आणि घरच्यांना वाटते की माणूस रुसला आहे. आवाजाचेही असेच, रुग्णाला स्वतःचा आवाज पुरेसा मोठा वाटतो, समोरच्याला तो कुजबुजल्यासारखा ऐकू येतो. ‘काय म्हणालात?’ असे वारंवार विचारले गेले की तो माणूस बोलणेच कमी करतो. वाचोपचार तज्ज्ञ मुद्दाम मोठ्याने बोलण्याचा सराव करून घेतात, त्याने बऱ्याच जणांना फायदा होतो. भाव चेहऱ्यावर शोधण्याऐवजी शब्दांत विचारावेत.

खरे नैराश्यही या आजारात पुष्कळ आढळते. ते केवळ आजाराच्या दुःखातून येत नाही, मेंदूतील रासायनिक बदलांचाही त्यात भाग असतो आणि काहींमध्ये ते कंपाच्या आधीच सुरू झालेले असते. त्यावर उपचार आहेत. ‘मन घट्ट करा’ हा उपचार नव्हे. प्रॅमिपेक्सॉल किंवा रोपिनिरोल ही कंपवाताची औषधे घेणाऱ्या व्यक्तीला जुगाराची अथवा अनावर खरेदीची ओढ लागली, तर तो स्वभावदोष न मानता औषधाचा दुष्परिणाम समजावा आणि संकोच न करता डॉक्टरांना सांगावे.

चांगले तास कामांतच खर्च करणे

समाधानाच्या दृष्टीने ही चूक मला सर्वांत मोठी वाटते. औषध लागू असलेले दोन-तीन तास स्नान, तपासण्या, बँकेची कामे यांत संपतात आणि आवडीच्या गोष्टींच्या वाट्याला थकलेली, ताठरलेली संध्याकाळ येते. शिवाय वेळ वाचावा म्हणून घरचेच गुंडी लावतात, घास भरवतात, आणि जमणारे कामही हातून निसटते. आठवड्यातील काही चांगले तास आधीच राखून ठेवावेत : व्यायामासाठी, मित्रांसाठी, बागेसाठी. अक्षर बारीक होत गेल्याने लिहिणे सोडलेल्यांना रुंद रेघांचा कागद आणि जाड पेन द्यावे. दोन रेघा भरून लिहायच्या असे डोळ्यांना दिसले की अक्षर पुष्कळदा पुन्हा मोठे येते.