भांडण सेफ झोनच्या रेघेवरच होतं: गेम डिझाइनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलवर आम्ही माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेमचा सर्व्हर टाकला. वीस-बावीस पोरं, एक म्हातारा डेस्कटॉप आणि ॲडमिन मी. पहिल्याच रात्री स्पॉनपाशी, म्हणजे नवा खेळाडू जिथे अवतरतो तिथे, कत्तल झाली. नवा माणूस डोळे उघडतोय तोच समोर कुणीतरी तलवार घेऊन हजर. मला वाटलं, सोपं आहे. सर्व्हरच्या फाइलमध्ये स्पॉन-प्रोटेक्शन नावाची ओळ असते, मूळ आकडा १६. मी तो ५० केला आणि झोपलो.

सकाळी कळलं की ते सेटिंग फक्त ठोकळे फोडू किंवा लावू देत नाही, माणसं मारायला त्याची काही हरकत नसते. म्हणजे आता नवख्यांना जीव वाचवायला साधी भिंतही बांधता येईना. ॲडमिनला मात्र ही बंदी लागू नसते, त्यामुळे मी चाचणी घेतली तेव्हा सगळं नीट चालत होतं! पहिला धडा तिथेच मिळाला. स्वतःच्या ॲडमिन खात्यावरून सेफ झोन, म्हणजे मारामारीपासून सुरक्षित ठेवलेला भाग, तपासू नका.

मग मी चाळीसेक ओळींचं प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहिलं. मार खाणारा सेफ झोनच्या रेघेच्या आत असेल तर मार लागणार नाही, बस. दोन दिवसांत एक पठ्ठ्या रेघेवरच्या दाराच्या कमानीखाली उभा राहून बाहेरच्यांवर बाण सोडायला लागला. तो आत, त्यामुळे त्याला कुणी मारू शकत नाही, आणि त्याचे बाण मात्र बाहेर लागतात. मारणारा कुठे उभा आहे हे मी तपासलंच नव्हतं. ते दुरुस्त केलं, तर लोक बाहेर खोडी काढून आत पळायला लागले. म्हणून टॅग आणला: मारामारी झाली की १५ सेकंद आत प्रवेश नाही. लगेच टोळकं कमानीबाहेर दबा धरून बसलं, कारण बाहेर पडणारा प्रत्येक जण त्याच दारातून येणार. मग बाहेर पडल्यावर ५ सेकंद अभय दिलं, पण स्वतः हात उगारलात तर ते तिथेच संपणार.

टॅग असताना सर्व्हर सोडून जाणाऱ्याला काय शिक्षा करायची? बऱ्याच परदेशी सर्व्हरवर सरळ मरण असतं. मीही तेच ठेवलं. त्याच आठवड्यात आमच्या विंगची लाईट गेली आणि रंगात आलेल्या लढाईत चौघांचं हिऱ्याचं चिलखत गेलं. रात्री दारावर मोर्चा आला. शेवटी पात्र २० सेकंद जागीच उभं राहील, वाचलं तर वाचलं, यावर तडजोड झाली. नेट आणि वीज बेभरवशाची असलेल्या ठिकाणी तुमचा गेम खेळला जाणार असेल तर हा आकडा ठरवताना हात आखडता घ्या.

हे सगळं मी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं. पुण्यातला छोटा स्टुडिओ होता, पद ज्युनियर सिस्टिम डिझायनर, म्हणजे गेमचे नियम आखणारा. समोरच्या बाई म्हणाल्या, ‘लहानपणी दगड का माती खेळलायस ना? जो पोरगा दगडावरून उतरतच नाही, त्याचं काय करायचं?’ आमच्या गल्लीत नियम होता की दहा आकडे मोजले की दगड सोडायचा, तोच सांगितला. नोकरी लागली. (गुणपत्रिका त्यांनी उघडलीसुद्धा नाही.)

जुने गेम अभ्यासायचे तर १९९७च्या अल्टिमा ऑनलाइनपासून सुरुवात करा. तिथे शहरात पहारेकरी होते, ‘गार्ड्स’ अशी हाक दिली की गुन्हेगार जागीच खलास. शहराबाहेर मात्र रानटी राज्य होतं. खुन्यांची नावं लाल दिसत, तरी नवखे मरत राहिले. २००० साली कंपनीने जगाच्या दोन प्रती केल्या: फेलुकामध्ये जुने नियम आणि ट्रॅमेलमध्ये संमतीशिवाय मारामारी नाही. बहुतेक वस्ती ट्रॅमेलला हलली. लुटारूंना मेंढरं उरली नाहीत, लांडग्यांसमोर फक्त लांडगे. काही जुने खेळाडू अजून त्याबद्दल कुरकुरतात, आणि मला दोन्ही बाजू पटतात.

माझ्या मते खरा धडा ईव्ह ऑनलाइनमध्ये आहे. आइसलंडच्या सीसीपीचा हा गेम २००३ पासून चालू आहे. प्रत्येक सूर्यमालेला सुरक्षेचा आकडा असतो. ०.५ आणि त्यावर असेल तर कॉन्कॉर्ड नावाचे पोलीस येतात. पण ते वाचवायला येत नाहीत, तुम्हाला मारणाऱ्याचं जहाज उडवायला येतात. १.० ला लवकर येतात, ०.५ ला उशिरा. म्हणजे सुरक्षित भागातही मारता येतं, फक्त त्याची किंमत मोजावी लागते. लुटारू वही काढून बसतो: मालवाहू जहाजात १०० कोटींचा माल आहे, फुटल्यावर साधारण निम्माच हाती लागतो, म्हणजे ५०. माझी जहाजं जातील ३० कोटींची. मारा. आधी तर पोलिसांनी उडवलेल्या जहाजाचाही विमा मिळायचा! २०११ मध्ये तो बंद केला. नकाशावरची रेघ तसूभरही हलली नाही, तरी हल्ल्याचा भाव वाढला.

उलटं उदाहरण रूनस्केप या ऑनलाइन गेमचं. २००७च्या डिसेंबरमध्ये कंपनीने वाइल्डरनेस या रानटी भागातली खुली मारामारी काढून टाकली. कारण सोन्याचा काळाबाजार होता: विकणारा तिथे मुद्दाम मरायचा आणि गिऱ्हाईक माल उचलायचं. खेळाडू भडकले, आणि मतदान घेऊन २०११च्या फेब्रुवारीत ती परत आणली.

नोकरीतली माझी चूकही सांगतो. तक्रारी वाढल्या म्हणून मी एका प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे गेमच्या कच्च्या नमुन्यात, सेफ झोन दुप्पट केला. बाजार, भट्टी, बँक सगळं आधीपासून आतच होतं, आणि नव्या रेघेत एक चांगली खाणही आली, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आठवड्याभरात चाचणीतले लोक आतच कुदळ मारत बसले, बाहेर चिटपाखरू नाही. मी रेघ मागे घेतली नाही. आतल्या खाणीत फक्त तांबं ठेवलं, लोखंड नदीपलीकडे नेलं आणि तिथून परतायला दोन वाटा दिल्या. एकच वाट दिली असती तर पुन्हा कमानीचं रामायण झालं असतं.

पोर्टफोलिओसाठी मोठं जग बांधत बसू नका. गोडो या गेम बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक मैदान, एक गोल रेघ आणि तीन टायमर एवढं पुरे: टॅगचा, अभयाचा, सर्व्हर सुटल्यावरचा. पाच मित्र बोलवा, त्यातला एक जरा वात्रट हवाच, आणि रेघेवर कोण कुठे मेलं त्याचे ठिपके नकाशावर उमटवा. माझ्या पहिल्या नकाशावर सगळे ठिपके कमानीच्या डाव्या खांबापाशी होते. उजव्या बाजूला तळं होतं, तिथून पोहत कुणी येत नव्हतं.