आरतीचे फोटो हलतात? नवा कॅमेरा घेण्याआधी या चुका टाळा

गणपतीच्या आरतीचे फोटो हलले की पुष्कळ जण थेट नव्या कॅमेऱ्याच्या किमती बघायला लागतात. पहिली चूक तीच. आधी तो हललेला फोटो मोठा करून नीट बघा.

माझ्या भाचीचा असाच एक फोटो आहे. शेजारच्या समईची कड लख्ख, पण तिचा घंटा वाजवणारा हात म्हणजे नुसता पुसट पट्टा. समई लख्ख आहे, म्हणजे माझा हात स्थिर होता. शटर हळू पडलं, म्हणजे प्रकाश आत घेणारा पडदा जास्त वेळ उघडा राहिला. फोटोची माहिती उघडली तर शटर १/१५ सेकंद, एफ ५.६ (लेन्सचं उघडणं; आकडा लहान तितकं भोक मोठं), आयएसओ ८०० (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता). समईही पुसट असती तर माझाच हात हलला होता. आणि मागची भिंत स्पष्ट, चेहरा धूसर असेल, तर फोकस चुकला. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सावरतं, भाचीचा हात ते थांबवत नाही.

दुसरी चूक लांबून झूम करण्याची. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ एमएम झूम लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. जवळ जाऊन १८ वर आणली की एफ ३.५ मिळतं, म्हणजे अडीचपट प्रकाश. (चेहरा मात्र चौकटीच्या कडेला नको, ताणल्यासारखा दिसतो.) आयएसओ ३२०० केला की तोच प्रकाश आणखी चौपट उजळ दिसतो, मिळून दहापट. १/१५ चं शटर १/१५० वर आलं, एक रुपया न घालवता! फोटोत दाणे येतील, येऊ द्या. ते नंतर कमी करता येतात.

एवढं करूनही प्रकाश कमी पडला, तर बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) न बदलता ५० एमएम एफ १.८ लेन्स घ्या. एफ ५.६ च्या जवळपास दहापट प्रकाश आत येतो.

पण साहित्याने काहीच फरक पडत नाही, हे मला मान्य नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगोंचा थवा उडतो तेव्हा ५५ एमएममध्ये ते ठिपके दिसतात. तिथे ४०० एमएम तरी हवीच, आणि शटर १/१६०० च्या आसपास. होडीत ट्रायपॉड मात्र नेऊ नका. होडीबरोबर तोही डुलतो.

आणि घेतलेली लेन्स पावसाळ्यात कपाटातल्या बॅगेत कोंडू नका, बुरशी धरते. हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पुडीतले निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला.